सर्वांना सारखं मानधन

८ जानेवारी

शहाण्या,

तुझं पाकीट काल पोचलं. एवढं जाड, आणि त्यावर एवढा मोठा शिक्का, की पोस्टमनने ते देण्याआधी माझ्या तोंडाकडे नीट पाहून घेतलं. शेजारीण लगेच दारात हजर. "काय बंद झालं गं?" म्हणाली. आमच्या इमारतीत सरकारी पाकीट आलं की कोणाचं तरी काहीतरी बंद होतं, एवढं सगळ्यांना ठाऊक आहे. मी म्हटलं, बंद काही नाही, माझ्या मामेभावाने मला समितीवर बोलावलंय. तर ती जास्तच घाबरली.

कुटुंब साहाय्य विभागात समता कक्ष निघाला आणि तू त्यात अधिकारी झालास, हे मामीने सांगितलं होतं. समता म्हणजे काय ते तिला सांगता आलं नाही, पण खुर्ची फिरती आहे म्हणाली. तुमच्या समितीत योजनेचा लाभ घेणाऱ्या मुलाची आई हवी, तशी जाहिरात तुम्ही संकेतस्थळावर टाकलीत आणि एकही अर्ज आला नाही, याचं तुला नवल वाटतं. मला तुझ्या नवलाचं नवल वाटलं. मी दिवसभर हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात चादरी उकळत असते. तिथे वाफेत समोरची बाई दिसत नाही, संकेतस्थळ कुठून दिसणार?

पण येईन मी. मुंगीच्या पायांसाठी येईन. पोरगी सहा वर्षांची झाली. योजनेच्या उपचार केंद्राची गाडी येते, घेऊन जाते, व्यायामाच्या बाई तिच्याकडून पाय हलवून घेतात आणि गाडी परत आणून सोडते, सगळं फुकट. आधी ती बसून सरकायची. आता कशाला तरी धरून उभी राहते आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्याशिवाय खाली बसत नाही. त्या योजनेचं मीठ... असो, मिठाचं नको, तू लगेच टिपून घेशील.

एकच अडचण. तुमच्या शहरात यायचं तर अख्खा दिवस जाईल आणि मुकादमीण रजा देणार नाही. फोन करत नाही, कारण तू "मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. पत्राला तसं सांगता येत नाही.

तुझी ताई

२० जानेवारी

प्रिय ताई,

तुझी संमती मिळाल्याने कक्षात आनंदाचं वातावरण आहे. प्रवासाच्या अडचणीची गांभीर्याने दखल घेण्यात आली असून, लाभार्थी प्रतिनिधीला राहत्या गावी सहभाग घेता यावा म्हणून कक्षाचं प्रादेशिक कार्यालय तुमच्या गावात उघडण्याचा निर्णय झाला आहे. मुंगीच्या केंद्रातच एक खोली दुपारी रिकामी असते, असा आमच्या निरीक्षकांचा अहवाल आहे. तिथे पडदा, टेबल, खुर्च्या अशी व्यवस्था होईल. कामावरून सुटलीस की चालत जाशील.

आणखी एक गोष्ट सांगतो, अभिमानाने सांगतो. समितीतल्या प्राध्यापकांनी सुचवलं की लाभार्थी प्रतिनिधीला नुसता प्रवासखर्च द्यावा, मानधन फक्त तज्ज्ञांना. मी उभा राहिलो. म्हणालो, समता कक्षाच्या टेबलावरच जर दोन भाव असतील तर कक्ष कशाला हवा? बराच वाद झाला. शेवटी मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या संचालकांनी, मान्य केलं. प्राध्यापकांना जेवढं, तेवढंच तुला. सर्वांना सारखं. ताई, त्या रात्री मला फार छान झोप लागली.

तुझा
शहाणा (कार्यालयात हे नाव कृपया वापरू नये)

२ मार्च

शहाण्या,

झाली बाबा मीटिंग. माझ्यापुढे माझ्या नावाची पाटी होती आणि पाण्याची बाटली होती. पाटी मी निघताना पिशवीत घातली, तेव्हा रखवालदाराने सही घेतली, ती कार्यालयाची आहे म्हणाला.

खोली झकास केलीस. नवा रंग, पंखा, आणि टेबल तर एवढं लांब की त्यावर चार चादरी आडव्या घालता येतील. मी एकटीच एका टोकाला, बाकी तुम्ही सगळे पडद्यावर. तिथे मुलांचे धरून चालायचे दांडे होते, ते उचलून जिन्याखाली ठेवलेत. दुपारी येणाऱ्या मुलांची सोय कुठे केली ते केंद्राच्या बाईंना विचारायचं होतं, पण पंख्याखाली बसल्यावर राहूनच गेलं.

तुझे प्राध्यापक छान बोलतात. काय बोलले ते मात्र विचारू नकोस. निवृत्त साहेबांचं पडद्यावर नुसतं कपाळ दिसत होतं, पण ते कपाळही सहमत आहे असं वाटत होतं. डॉक्टर मनापासून हातवारे करून बोलले आणि त्यांचा आवाजच बंद होता, ते कोणी त्यांना सांगितलं नाही. मग सगळे म्हणाले, "आता ताईंचा अनुभव ऐकू या." मी घसा खाकरला तोवर वेळ संपली.

तरी मी एक बोलले. रांगेत कोणाला पुढे घ्यावं यावर तुमचा तासभर काथ्याकूट चालला होता. मी म्हटलं, केंद्रात जागा वाढवा ना, म्हणजे रांगच राहणार नाही. मग तूच म्हणालास, "ताई, ते आजच्या विषयपत्रिकेत नाही." मी म्हटलं, बरं.

मानधन आलं. खरं सांगू? आयुष्यात पहिल्यांदा मला बोलण्याचे पैसे मिळाले. आजवर गप्प बसण्याचेच मिळत होते. मुंगीला घोटा धरून ठेवणारे बूट घेतले. ती ते घालून झोपली.

इस्त्रीवरची आहे ना, माझ्याबरोबर काम करते ती, तिची मुलगीही मुंगीसारखीच आहे आणि गेल्या महिन्यापासून रांगेत आहे. ती म्हणाली, "तू आता मोठ्या लोकांत बसतेस, माझ्या पोरीचं बघ." मी ऐटीत म्हटलं, बघते. मला फार आवडलं ते म्हणायला.

ताई

१८ एप्रिल

प्रिय ताई,

कक्षाची पुस्तिका सोबत पाठवत आहे. पान उघडताच तुझा फोटो आहे. त्याखाली तुझे शब्द आहेत: "उपलब्ध संधींच्या न्याय्य वाटपातूनच विश्वास निर्माण होतो." तू जागा वाढवायचं म्हणाली होतीस, ते भाषेच्या दृष्टीने थोडं सांभाळून घेतलं आहे. आशय तोच.

मोठ्या बाई तुझ्यावर खूश आहेत. एका सभेत त्यांनी सांगितलं की आमच्याकडे धोरण वरून येत नाही, धुलाईखान्यातून येतं. टाळ्या पडल्या. यापुढे बैठका दर पंधरवड्याला घेणार आहोत, म्हणजे तुझं मानधनही त्या हिशेबाने वाढेल.

तुझा शहाणा

१० जून

शहाण्या,

आज केंद्राची गाडी आमच्या दारावरून गेली आणि थांबली नाही.

मुंगी पायरीवर बसली होती. बूट घालून, वेणी घालून. गाडी दिसल्यावर तिने नेहमीसारखा हात वर केला. चालकाने पाहिलं आणि मान वळवली. त्याचीही काही चूक नाही, त्याला यादी मिळते. मुंगी म्हणाली, "आई, त्याला मी दिसले नाही." मी म्हटलं, हो, दिसली नसशील.

पाकीट दुपारी आलं. तुझ्याच विभागाचं, शिक्काही तोच. तुमच्या कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेपेक्षा अधिक झाल्याने केंद्रातली जागा रद्द करण्यात येत आहे, अभिनंदन. "अभिनंदन" हा शब्द खरंच छापलाय. मी केंद्रात गेले. बाई रडवेल्या झाल्या, पण म्हणाल्या की जागा भरलीसुद्धा, वरून आदेश होता.

मुंगीच्या बापाचा ट्रक तोच, माझ्या चादरी त्याच. वाढलं काय, तर तुझं मानधन. आता मला सांग, मी काय करू? शांत राहून लिहायचं ठरवलं होतं, जमत नाहीये. माझी पोरगी उभी राहायला लागली होती रे.

ताई

१५ जून

ताई,

तुझं पत्र वाचलं आणि तसाच जिना उतरून खाली गेलो. उत्पन्न पडताळणी शाखा माझ्या खोलीच्या बरोबर खाली आहे, हे मला ठाऊक होतं. ती काय करते हे ठाऊक नव्हतं. तिथल्या गृहस्थांनी मला खुर्ची दिली. म्हणाले, "साहेब, मानधनाची माहिती तुमच्याच कक्षाने कळवली. इतकी चोख माहिती आम्हाला कोणीच पाठवत नाही. आम्ही तुमचं उदाहरण देतो."

मी विचारलं, प्रवासखर्च दिला असता तर? ते म्हणाले, "तो उत्पन्नात धरत नाही." म्हणजे प्राध्यापकांचं ऐकलं असतं, तर मुंगी आज केंद्रात असती. मी जिंकलो तिथेच घोटाळा झाला.

अपील करता येतं, पण त्याला बराच काळ लागतो. शिवाय कळवण्यास खेद होतो की तू आता लाभार्थी नसल्याने नियमानुसार लाभार्थी प्रतिनिधी राहू शकत नाहीस. पाटी परत करायची असते.

एक मार्ग आहे. हे पत्र वाचून फाडून टाक. मुंगीच्या जागी जी मुलगी घेतली, तिच्या कागदांत भाडेपावतीवर घरमालकाची सही नाही. मी एक शब्द टाकला तर तिची जागा रद्द होईल आणि फेरतपासणीत मुंगीची परत मिळेल. तू फक्त कर म्हण.

तुझा

१९ जून

शहाण्या,

कर.

ती मुलगी कोणाची ते तू लिहिलं नाहीस, पण मला माहीत आहे. इस्त्रीवरचीची. परवा धुलाईखान्यात तिने पोरीला जागा मिळाली म्हणून सगळ्यांना गोळ्या वाटल्या आणि माझ्यापुढे आल्यावर तिचा हात थांबला. तिला कळलं होतं जागा कोणाची ते. मी गोळी घेतली आणि खाल्लीसुद्धा.

तरी म्हणते, कर. मला चांगलं वागायचा कंटाळा आलाय. मुंगी रोज पायरीवर जाऊन बसते.

ताई

१ जुलै

प्रिय ताई,

तुझ्या पत्रावर मी गांभीर्याने विचार केला. भावनेच्या भरात मी जो मार्ग सुचवला तो, सखोल चिंतनाअंती, कक्षाच्या मूलभूत तत्त्वांशी सुसंगत नाही असं आढळून आलं. एका पात्र बालिकेस वगळून दुसऱ्या बालिकेस, तेही अधिकाऱ्याच्या नात्यातील, समाविष्ट करणं म्हणजे विषमतेला खतपाणी घालणं ठरेल. तू मला समजून घेशील याची खात्री आहे.

मानधन उत्पन्नात धरू नये असा प्रस्ताव मात्र मी मांडला आहे. तो उपसमितीकडे गेला आहे.

तुझा शहाणा

२ ऑगस्ट

शहाण्या,

महिनाभर लिहिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते पोस्टमनच्या हाती द्यायला लाज वाटली असती.

तुला तत्त्व सापडलं, छान झालं. मला होकार द्यायला लावून मग सापडलं, एवढंच वाईट. आता निदान मला कळलं की मी कशी आहे, आणि इस्त्रीवरचीच्या डोळ्याला डोळा देता येत नाही. तू तर साहेबासारखं "आढळून आलं" लिहून मोकळा झालास. कोणाला आढळलं रे? बोट ठेवून दाखव.

इस्त्रीवरची स्वतःच परवा माझ्याकडे आली. म्हणाली, "आपण वाटून घेऊ. एक दिवस तुझी, एक दिवस माझी." मला तिच्यासमोर रडू कोसळलं. आम्ही दोघी केंद्रात गेलो. बाई म्हणाल्या, माझी काही हरकत नाही, पण एका जागेवर एकच नाव चालतं. मी विचारलं, आणि दुपारची मुलं? त्या म्हणाल्या, "कोणती दुपारची मुलं? खोली गेल्यापासून दुपारची तुकडीच बंद आहे. पूर्वी दोन तुकड्या होत्या, तेव्हा रांग नव्हती."

ऐकलंस? ती खोली तू माझ्यासाठी घेतलीस. मी चालत जावं म्हणून. आणि मी पंख्याखाली बसून तिथे रांगेवर मत दिलं.

पाटी परत करायची होती म्हणून रखवालदाराने कुलूप काढलं. मुंगी कडेवर होती. मी गेल्यापासून तिथे कोणी बसत नाही, पडद्यावर धूळ आहे. तिला जरा खाली सोडली, तर तिने टेबलाची कड धरली आणि निघाली. एका टोकाला माझी खुर्ची होती, तिथून पार दुसऱ्या टोकापर्यंत गेली, वळली आणि परत आली. रखवालदार दारात उभा राहून बघत होता. इतक्या दिवसांत त्या टेबलावर झालेलं ते पहिलं काम.

आता तो मला रोज थोडा वेळ कुलूप काढून देतो. हे मी कक्षाच्या अधिकाऱ्याला कळवत नाहीये, मामेभावाला कळवतेय. फरक समजत असेल तर उत्तर दे.

ताई

३० ऑगस्ट

ताई,

फरक समजायला इतके दिवस लागले.

आमच्या निरीक्षकाला मी बोलावून विचारलं, खोली दुपारी रिकामी होती हे तू कसं ठरवलंस? तो म्हणाला, "सर, मी स्वतः पाहिली. मुलांच्या जेवणाच्या सुट्टीत गेलो होतो, त्यांना त्रास नको म्हणून." त्याच्या सभ्यपणावर मी अहवाल लिहिला, "विनावापर पडून असलेली खोली वापरात आणली." त्या वाक्याचं कौतुक झालं होतं. मला फार लाज वाटते आहे, आणि ती कोणत्या भाषेत लिहायची ते कळत नाही, म्हणून साधंच लिहितो. मुंगीची जागा माझ्यामुळे गेली. तुला नको त्या गोष्टीला हो म्हणायला मी लावलं, आणि मग स्वच्छ हात दाखवून तुला एकटीला सोडलं.

मोठ्या बाईंकडे गेलो आणि म्हटलं, खोली परत देऊ या. त्या म्हणाल्या, प्रत्येक विभागात समतेची एक तरी खोली दिसायला हवी. मी म्हटलं, आपण तिथून उठलो की समता तिथे येईल. हे त्यांना आवडलं नाही. प्रादेशिक कार्यालय उघडण्याचा आणि बंद करण्याचा अधिकार माझ्या सहीला होता, खास मीच तो मागून घेतला होता, कारण तुझ्यासाठी ते उघडायचं होतं. मी सही केली. दुपारची तुकडी सुरू करण्याचं पत्र केंद्राच्या बाईंना त्याच दिवशी गेलं. जागा मोकळ्या आहेत, त्यामुळे कोणाला काढायचा प्रश्न नाही. तुझं मानधन थांबल्याने तू पुन्हा मर्यादेच्या आत आलीस. नवा अर्ज कर. मी त्याला हात लावणार नाही, लावायची गरजही पडणार नाही.

उपसमितीने माझा प्रस्ताव मंजूर केला: मानधन उत्पन्नात धरू नये. तो पुढच्या वर्षीपासून नेमलेल्या प्रतिनिधींना लागू होईल. तुला नाही.

माझी बदली जुन्या कागदपत्रांच्या विभागात झाली आहे. खुर्ची फिरत नाही. आईला अजून सांगितलेलं नाही, तूही सांगू नकोस.

शहाणा

११ ऑक्टोबर

शहाण्या,

मामीला मी सांगितलं. रागावू नकोस. ती म्हणाली, "बरं झालं, आता घरी वेळेवर जेवायला येईल."

दुपारची तुकडी चालू झाली. दांडे जिन्याखालून निघाले, पुसले आणि जागेवर बसवले. टेबल दारातून बाहेर निघेना. बसवताना आधी टेबल आणलं होतं आणि मग दाराला नवी चौकट लावली होती म्हणे. शेवटी बाईंनी ते भिंतीला लावून टाकलं आणि मुलं त्याला धरून चालतात. मुंगी दुपारी जाते, इस्त्रीवरचीची सकाळी. आम्ही दोघी पुन्हा बोलतो, मात्र गोळीचा विषय दोघीही काढत नाही. मी जे "कर" लिहिलं होतं ते तिला कधी सांगेन की नाही, ठाऊक नाही. तू सांगणार नाहीस हे मला माहीत आहे.

तुमच्या कक्षाचा वार्षिक अहवाल आला. मला अजून का पाठवतात कोण जाणे, बहुतेक यादीतून फक्त लाभ निघतो, नाव निघत नाही. त्यात लिहिलंय, "एक प्रादेशिक कार्यालय बंद करावं लागलं, या भागात समतेचं उद्दिष्ट अपूर्ण." बाईंनी ते पान कापून खोलीच्या दारावर चिकटवलंय. येणारा प्रत्येक पालक ते वाचतो आणि आत जातो.

तुझी साहेबी गेली याचं मला वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. पण तुझं ते साधं पत्र मी दोनदा वाचलं, आणि पुस्तिकेतला माझा फोटो काढून त्यात ठेवला.

आता सुट्टी मिळाली की घरी ये. बेल वाजवलीस की मुंगी दार उघडायला येईल, तिने ते काम मागून घेतलंय आणि आम्ही कोणी मध्ये पडत नाही. तिला वेळ लागतो. आतून काही ऐकू आलं नाही तरी बेल पुन्हा वाजवू नकोस. ती येत असते.

ताई